कांडी चारशे सतरा

वासराचा पहिला खूर बाहेर आला आणि ठकूबाई बोलायची थांबली.

एरवी गाय वीत असताना तिच्या तोंडाला खळ नसायचा. "लाव जोर माजे बाय, थोडंच ऱ्हायलंय, लाव," असं ती गायीच्या शेपटीशी बसून सारखं बोलत राहायची, आणि गायीही तिचं ऐकल्यासारख्या कळा द्यायच्या. त्या सकाळी तिनं त्या खुरावरून बोट फिरवलं. खूर आत वळलेला होता, मूठ मिटल्यासारखा. तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं.

"डागदर, तिसरं," ती म्हणाली.

"आधी ओढ तर," मी म्हणालो.

मी दारात चहाची कपबशी घेऊन उभा होतो. विणाऱ्या गायीजवळ बसणं माझं काम नव्हतं, निदान मी तसं ठरवून टाकलं होतं. मी दूध संघाचा रेतन सेवक. गाय माजावर आली की गोठ्यात जायचं, थंड टाकीतून वळूच्या बीजाची कांडी काढून गायीला भरायची, तीन महिन्यांनी हात घालून गाभण आहे की नाही ते सांगायचं. मधल्या काळात लाळ-खुरकताची लस टोचायची, सुजलेल्या सडात औषध सोडायचं. अकरा महिन्यांचा कोर्स केला होता. पण खडकेवाडीत मला सगळे डॉक्टर म्हणत, आणि मीही कधी कुणाची चूक दुरुस्त केली नाही. माझं वय अठ्ठावीस. ठकूबाई साठीची, माझ्या आईपेक्षा मोठी. तरी मी तिला अगं-तुगं करायचो. डॉक्टरला ते शोभतं असं वाटायचं.

वासरू बाहेर आलं. पाडी होती. पुढचे दोन्ही पाय गुडघ्यात मुडपलेले, ओढून सरळ होत नव्हते. खालचा जबडा बोटभर आखूड. तोंडाजवळ सड धरला तर जीभ बाजूनं लोंबायची, चोखता येत नव्हतं. दोन महिन्यांत अशा तीन पाड्या झाल्या होत्या. पहिल्या दोघी चार-पाच दिवसांत गेल्या.

खोंड असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. तात्या रणवऱ्यांच्या गोठ्यात खोंडाकडं कुणी बघतच नसे. बावीस संकरित गायी, सिमेंटची दावण, पंखे. बाहेरगावची माणसं गोठा बघायला यायची. त्यांना न दाखवलेली एक जागा गोठ्यामागं होती. खोंड झालं की ते तिथं नेऊन बांधायचं. दूध नाही, चीकसुद्धा नाही, नुसती पाण्याची पाटी. चार दिवस ओरडायचं, मग गप्प व्हायचं. त्यात तात्या काही जगावेगळे नव्हते. संकरित खोंड औताला चालत नाही, मग त्याला दूध का घाला, हा हिशोब पंचक्रोशीत सगळ्यांचाच होता. पण पाडी म्हणजे उद्याची गाय. पाडी मेली की घरात सुतक असल्यासारखं व्हायचं.

तात्या आले. मागून वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, आल्या. तात्यांनी पाडीकडं बघितलं, तिच्या मुडपलेल्या पायाला बुटाच्या टोकानं स्पर्श केला.

"डॉक्टर, हे काय चाललंय माझ्या गोठ्यात?"

"जन्मतःच दोष आहे, तात्या."

"ते मला बी दिसतंय. आला कुठनं? कांडीत काय खोट आहे का?"

"कांडीत कसली खोट?" मी पिशवीतनं रजिस्टर काढलं. "हे बघा. चार वर्षांपूर्वी चारशे सतरा नंबरचा वळू वापरत होतो. त्याच्या ह्या सगळ्या कालवडी. त्या भरायला आल्या तेव्हा वळू बदलला. ही पाचशे दोनची नोंद. तारीख, गाय, सही."

तात्यांनी नोंदी वाचल्या. ते संघाचे संचालक होते, त्यांना असल्या कागदांची सवय होती. रजिस्टर मिटून त्यांनी मला परत दिलं.

"मग?"

वहिनी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "तिन्ही वेळंला हात कुणाचे लागले, ते इचारा की."

ठकूबाई पाडीचं अंग गवतानं पुसत होती. ती पुसतच राहिली.

"काय गं ठके?" तात्या म्हणाले.

"मालक, आठरा साल मीच काढतीय वासरं. ह्या हातांनी शंभर तरी काढली असतील."

"तवा चांगली निघत हुती. नवरा मेल्यापास्नं निघंनात," वहिनी म्हणाल्या.

ठकूबाईचा नवरा श्रावणात वारला होता. पहिली वाकडी पाडी भाद्रपदात झाली. वहिनींचं गणित पक्कं होतं.

तात्या म्हणाले, "रविवारी अंगणात खंडोबाचा टाक मांडतो. बेल-भंडारा उचलायचा. डॉक्टर, तुम्ही बी. मला दोन्ही बाजू सारख्या. जो उचलणार नाही त्यानं माझ्या दारात थांबायचं नाही."

गोठ्याच्या बाजूलाच पत्र्याच्या एका खोलीत ठकूबाई राहायची. तिला दुसरं घर नव्हतं. माझं तसं नव्हतं, पण दिवाळीनंतर संघाची कायम नोकरांची यादी लागणार होती आणि ती यादी तात्यांच्या हातात होती.

त्या दिवशी मंगळवार. बुधवारी दुपारी ठकूबाई माझ्या खोलीवर आली. संघाच्या संकलन केंद्रामागची ती खोली. एका कोपऱ्यात बीजाची टाकी, दुसऱ्यात स्टोव्ह. ती दारातच बसली. पदराची गाठ सोडून तिनं एक जुडगं बाहेर काढलं. प्लास्टिकच्या बारीक नळ्या होत्या, दाभणाच्या जाडीच्या, फिक्या गुलाबी रंगाच्या. मी भरून झाल्यावर गोठ्यात टाकून दिलेल्या कांड्या.

"हे काय गं?"

"म्या ठिवत्ये. गाय भरली की तिच्या दावणीवरल्या फटीत कांडी खवायची. उलटली आन् परत भरली की दुसरी. म्हंजी कुटली गाय किती येळा भरली त्ये मला कळतंय. मला कुटं लिवाया येतंय?"

आठ-नऊ वर्षं मी त्या गोठ्यात जात होतो. भिंतीच्या फटींतल्या त्या कांड्या मला कधी दिसल्या नव्हत्या. माझं लक्ष कायम कपबशीकडं.

तिनं दोन कांड्या वेगळ्या काढल्या. "ही काल व्याल्याल्या कस्तुरीच्या आयच्या येळची. आन् ही खुद्द कस्तुरीला भरल्याली. मला वाचाया येत न्हाई डागदर, पर दोनीवरलं चित्तर सारकंच दिसतंय. बगा की."

मी बघितलं. बघायची गरज नव्हती. दोन्हींवर बारीक काळ्या अक्षरांत ४१७ छापलेलं होतं.

खरं ते असं होतं. चारशे सतराच्या कालवडी भरायला आल्या की नवा वळू आणायचा, हे मला चांगलं ठाऊक होतं. कोर्समध्ये ते पहिल्याच आठवड्यात शिकवतात. बापाचं बीज लेकीला भरलं की रक्तातला दडलेला दोष वर येतो. पण नव्या कांड्या आणायच्या म्हणजे रिकामी टाकी घेऊन एसटीनं जिल्ह्याला जायचं, दिवस मोडायचा. आणि माझ्या टाकीत चारशे सतराच्या साठेक कांड्या शिल्लक होत्या. त्या वळूनं मला नाव मिळवून दिलं होतं. त्याच्या कालवडी अशा देखण्या निघाल्या की लोक त्याला 'डॉक्टरांचा वळू' म्हणायचे. एकदा भरून बघू, काय होतंय, असं म्हणून मी भरलं. मग भरतच गेलो. रजिस्टरात मात्र पाचशे दोन लिहीत राहिलो. पाचशे दोन नंबरचा वळू मी जन्मात बघितला नव्हता.

"आमच्या मेंढरांत बी दोन सालांनी नर बदलत्यात," ठकूबाई सांगत होती. "न्हाईतर कोकरं आंधळी निगत्यात, वाकडी निगत्यात. माजा बा सांगायचा. म्हणून म्हणलं, तुमच्या हातनं चुकून... राग मानू नका. पर इचाराया दुसरं हाय कोण?"

मला राग आला नाही. भीती वाटली. लाज वाटायला पुढं बरीच वर्षं लागली.

"अगं, हा पाचशे दोन आहे," मी म्हणालो. "आणि हा चारशे सतरा. लांबून सारखंच दिसतं. हे बघ, हा पाच. हे शून्य." आणि मी चार आणि एकवर बोट ठेवून तिला पाच आणि शून्य शिकवले.

तिनं डोळे बारीक करून बघितलं. मग मान हलवली. "तुमी शिकल्यालं. तुमी म्हणताय म्हंजी आसंल."

"त्या सगळ्या इथंच ठेव. संघाच्या साहेबांना दाखवतो."

तिनं जुडगं माझ्या हातात दिलं. मोजून बिजून नाही, गाठ सोडून सगळंच दिलं. आणि उठता उठता म्हणाली, "मंग काय आसंल वो? खोंडांत बी दोन तसलीच हुती."

"खोंडांचं तुला काय माहीत? तू त्यांना बांधून येतेस ना फक्त?"

ती दाराची चौकट धरून उभी राहिली.

"कुनाला सांगू नका," ती म्हणाली. "म्या चीक घालते त्येंला. बोटं बुडवून चाटवायची. लई वरडत्यात वो. मालक फलटनला गेलं की आमच्या भावकीतली मेंढरं घिऊन कालव्याकडनं जात्यात, धडधाकट आसलं तर एखादं त्येंच्याकडं लावून देते. मालकाला म्हणते, मेलं, पुरलं. पाप हाय का ह्ये?"

"पाप कसलं?" मी म्हणालो.

ती गेली आणि मी स्टोव्ह पेटवून कांड्या जाळल्या. पुढं दोन दिवस खोलीत प्लास्टिकचा वास येत होता.

शनिवारी लस टोचायला म्हणून मी तात्यांच्या गोठ्यात गेलो. लस टोचली, दोन गायींची गाभण तपासणी केली, तात्यांशी पायरीवर बसून चहा घेतला. चांगला अर्धा तास बोलत होतो. रात्री मला गाढ झोप लागली.

रविवारी सकाळी अंगणात पाट मांडला होता. पाटावर खंडोबाचा टाक, पुढं ताटात बेलाची पानं आणि हळदीचा भंडारा. तात्या अंघोळ करून उघड्या अंगानं बसले होते. वहिनी दारात. शेजारपाजारची पाच-सहा माणसं होती, पण ती नुसती बघायला. ठकूबाई धुवट लुगडं नेसून आली होती. केस ओले होते. तिच्या चेहऱ्यावर मला भीती दिसली नाही; आज एकदाचं मिटेल म्हणून ती बरी वाटत होती.

"आधी डॉक्टर," तात्या म्हणाले. "म्हणा, गायींना जे भरलं ते रजिस्टरात लिहिलंय तेच भरलं."

मी पुढं झालो. बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा तळहातावर घेतला. वाक्य म्हटलं. भंडारा कपाळाला लावला. आवाज जरासुद्धा कापला नाही. खरं सांगतो, त्या क्षणी मला देवाची आठवणही झाली नाही, फक्त यादीची झाली.

"ठके, डॉक्टरांवर तुझा काय संशय?" तात्यांनी विचारलं.

"न्हाई मालक. त्येंनी मला वाचून दावलंय. त्येंचं बराबर हाय."

"मग तू ये. उचल. आणि म्हण, मालकाच्या मागं ह्या गोठ्यात मी कधीच काही केलं नाही. कुठल्याही जनावराला, कुठल्याही वासराला, मालकाला चोरून हात लावला नाही."

ठकूबाईनं हात पुढं केला होता. तो ताटाच्या वर तसाच थांबला.

"मालक, वाकड्या पाड्यांना म्या कायबी क्येलं न्हाई. त्याची शपत घेते. आत्ता घेते."

"मी सांगितलं तेच म्हणायचं."

"तसं नगा म्हनाया लावू."

"का? चोरून केलंयस?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे तिला माहीत होतं. मी सांगितलं असतं की, तात्या, बाई खोंडांना चीक पाजते, एवढंच तिचं पाप. तर तात्यांनी शिव्या दिल्या असत्या, वर्षाची चोळी-बांगडी बंद केली असती, पण ठेवलं असतं. तिच्यासारखं माणूस त्यांना मिळणार नव्हतं. मी पाटावरच्या टाकाकडं बघत राहिलो.

"खंडोबाम्होरं खोटं कसं बोलू?" ती म्हणाली. हात मागं घेऊन तिनं लुगड्याला पुसला, हाताला काही लागलेलं नसताना.

"बघा!" वहिनी म्हणाल्या. "मी म्हणत हुते का न्हाई?"

माणसांत कुजबुज झाली. कुणीतरी थुंकलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथं दोर चोरानंच वळून दिला होता. कारण शपथेचं ते वाक्य तात्यांचं नव्हतं. शनिवारी पायरीवर चहा पिताना मीच त्यांना म्हणालो होतो, "तात्या, नुसतं पाड्यांना काही केलं नाही असं म्हणवून घेऊ नका, त्यातनं माणूस निसटतो. मालकाच्या मागं गोठ्यात काहीच केलं नाही, असं म्हणायला लावा. खरी असेल तर उचलेल." तात्यांना ते फार पटलं. म्हणाले, "शिकलेल्या माणसाचं डोकं वेगळंच चालतं, डॉक्टर."

तिला दुपारपर्यंतही थांबू दिलं नाही. तात्यांनी स्वतः तिचं बोचकं, चूल, दोन पातेली अंगणाबाहेर ठेवली. वहिनींनी तिच्या खोलीत गोमूत्र शिंपडलं. ठकूबाई रडली नाही, भांडली नाही. बोचकं डोक्यावर घेतल्यावर ती मागं वळली.

"वहिनी, चिमणीचा मागला डावा सड दुकतोय. अंगठा दुमडून पिळू नका. हळू पिळा, न्हाईतर कास बसंल."

"जा आता!" वहिनी म्हणाल्या.

सोमवारी पहाटेच्या एसटीनं मी टाकी घेऊन जिल्ह्याला गेलो. वर्षभर ज्या कामाला सवड नव्हती ते एका दिवसात उरकलं. खऱ्या पाचशे दोनच्या पन्नास कांड्या घेऊन आलो. चारशे सतराच्या उरलेल्या कांड्या ओढ्यात फेकल्या.

पण चार गायी चारशे सतराचंच पोटात घेऊन उभ्या होत्या. चौघीही त्याच्याच लेकी. तिघी दोन-तीन महिन्यांच्या गाभण. त्या अशक्त दिसताहेत, ताकदीचं औषध देतो, असं तात्यांना सांगून मी त्यांना गर्भ पाडायचं इंजेक्शन दिलं. आठवडाभरात तिघी पुन्हा माजावर आल्या. मी हात घालून बघितल्यासारखं केलं आणि म्हणालो, "उलटल्या, तात्या."

तात्यांनी दात खाल्ले. "जाता जाता करून गेली रांड."

मी त्यांना नवी कांडी भरली. ह्या खेपेला रजिस्टरात खरं लिहिलं.

चौथी गाय सातव्या महिन्यात होती. तिला इंजेक्शन चाललं नसतं. दोन महिने मी जीव मुठीत धरून होतो. ती व्याली तेव्हा मी मुद्दाम हजर राहिलो. पाय मुडपलेले, जबडा आखूड. पण खोंड होतं. नव्या गड्यानं त्याला उचलून गोठ्यामागं नेऊन बांधलं आणि हात धुऊन टाकले. कुणी निरखून बघितलंच नाही. ते तीन दिवस ओरडलं. आता त्याला बोटानं चीक चाटवायला कोणी नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी शेजारच्या गोठ्यात काम होतं म्हणून गेलो होतो, आणि त्याचा आवाज थांबल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या आगेमागे नऊ वासरं झाली. सहा पाड्या, तीन खोंडं. एकाच्याही अंगात खोट नाही. तात्यांनी गोठ्यात पेढे वाटले. गाव एका तोंडानं म्हणू लागलं, बाई गेली आणि गोठा सुधारला. ज्यांना आधी शंका होती, तेही गप्प झाले. डोळ्यांसमोरचा पुरावा कोण नाकारणार? मी वळू बदलून गायींचं भलं केलं, आणि त्याच कामानं तिच्यावरचा आरोप शाबीत करून दिला. हे करताना माझ्या ध्यानात आलं नव्हतं असं म्हणायला मला आवडेल. पण आलं होतं. यादी तर आदल्याच दिवाळीनंतर लागली होती, त्यात माझं नाव होतं.

तिच्याबद्दल कानावर येत राहिलं. आसपासच्या तीन गावांत ती गोठ्यांवर काम मागायला गेली, पण तिच्याआधी तिची ख्याती पोचलेली असायची. मग ती नीरेकाठच्या गावी, लेकीच्या घरी जाऊन राहिली.

त्यानंतर चैत्रात तात्या मला जनावरांच्या बाजाराला घेऊन गेले. एक जर्सी गाय घ्यायची होती, मी तिची कास आणि दात बघून सांगायचं होतं. आम्ही चहाच्या पालापाशी उभे होतो. तात्या दोन पावलांवर एका दलालाशी बोलत होते. इतक्यात कुणीतरी "डागदर" अशी हाक मारली.

ठकूबाई होती. निम्मी झाली होती. तिच्याबरोबर तिशीतली एक बाई, कडेवर तान्हं मूल. मला वाटलं, आता ही भर बाजारात बोलणार. ती बोललीही.

"बरं हाय का? गाई बऱ्या हायत का? चिमणी?"

"बऱ्या आहेत," मी म्हणालो.

"वासरं आता चांगली निगत्यात म्हणं."

"हो."

तिनं मान हलवली, जणू हेच ऐकायचं होतं. मग तिची लेक पुढं झाली.

"डागदर, तुमीच सांगा आता हिला. लगनाला बारा वरसं झाली, तवा ह्ये एक प्वार झालं. तीन म्हैन्याचं हाय. हिनं आजून हात लावला न्हाई त्येला. मी आंगूळ घालताना कोपऱ्यात तोंड फिरवून बसतीया. प्वार रडून रडून काळंनिळं झालं तरी उचलत न्हाई. म्हणती, माजा हात वंगाळ हाय."

"मंग काय खोटं हाय का?" ठकूबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, ती मला समजावून सांगत होती. "आदी मला पटत न्हवतं, डागदर. म्हणलं, म्या तर कायबी क्येलं न्हाई. पर मी निगाले आन् नऊच्या नऊ वासरं धड झाली. ह्येला काय म्हणायचं मग? कांड्या बराबर, रजिस्टर बराबर, गाई त्याच. ऱ्हायले कोण? मीच की."

"आसं खुळ्यासारकं बोलतीया बगा," लेक म्हणाली. तिचे डोळे भरले होते. तिनं मूल थोडं पुढं केलं. मूल हसरं होतं. त्यानं आजीच्या पदराकडं हात केला, तशी ठकूबाई दचकून मागं सरली आणि तिनं दोन्ही हात पाठीमागं धरले.

"तुमी शिकल्यालं हायसा," ती मला म्हणाली. "तुमी म्हणाला 'लाव', तर लावीन. तुमचं ऐकंन मी. सांगा, लावू का हात?"

तात्यांचं बोलणं थांबलं होतं. दलालाचा हात हातात तसाच धरून ते आमच्याकडं बघत होते. मी 'लाव' म्हणालो असतो, तर त्यांनी विचारलं असतं, का हो डॉक्टर? आणि तिथून पुढं एकेक धागा उसवत गेला असता. निदान मला तसं वाटलं. आज म्हातारपणी वाटतं, त्यांनी काहीच विचारलं नसतं. हसून पुन्हा दलालाशी बोलायला लागले असते.

"नको लावू, ठकूबाई," मी म्हणालो. "लहान जीव आहे. उगाच कशाला?"

लेकीनं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मी मान फिरवली. ठकूबाईचा चेहरा मात्र निवला. इतके दिवस ती एकटीच जे म्हणत होती, ते शेवटी एका शहाण्या माणसानं तिच्या लेकीसमोर कबूल केलं होतं.

"बग, मी काय म्हणत हुते?" ती लेकीला म्हणाली. मग तिनं पाठीमागचे हात पुढं आणले आणि मला जोडले. "बरं झालं इचारलं, डागदर. तुमी हायसा म्हणून प्वार वाचलं."